शिलाई न करता घरच्या घरी आय मास्क

ऐरोली-महापेला रात्रपाळी करून सकाळी झोपणारे आणि घोडबंदर रोडच्या दिव्यांनी वैतागलेले, असे दोन्ही प्रकारचे ग्राहक आमच्याकडे आय मास्कचं सामान विचारतात. मशीन लागत नाही, सुईही लागत नाही. मात्र टाका नसल्यामुळे सगळी भिस्त चिकटण्यावर असते, आणि बिघडतं तेही तिथेच.

एका मास्कला 25 × 15 सेंटिमीटरचे तीन तुकडे लागतात: बाहेरून आवडीचं कॉटन, मध्ये काळं फेल्ट, डोळ्यांकडून रुबिया (ब्लाउजचं मऊ कापड). त्यांच्यामध्ये घालायला तेवढ्याच मापाचे फ्यूजिंग वेबचे, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या गोंदाच्या जाळीचे, दोन तुकडे घ्या. शिवाय 1 सेंटिमीटर रुंदीचं अर्धा मीटर इलॅस्टिक. फ्यूजिंग मागताना 'दोन्ही बाजूंनी चिकटणारं, मागे कागद असलेलं' असं स्पष्ट सांगा. कॉलरचं कॅनव्हास एकाच बाजूने चिकटतं, ते इथे उपयोगाचं नाही.

आतल्या बाजूला सॅटिन छान दिसतं, पण जास्त गरम इस्त्रीने आकसतं आणि पातळ असेल तर गोंदाचे डाग वर उमटतात. पहिला मास्क रुबियाचाच करा.

कॉटन आणि रुबिया आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळलं तर मास्क पहिल्या धुण्यात फुगतो: कॉटन आटतं, फेल्ट तितकं आटत नाही, आणि मधला गोंद सुटून बुडबुडे येतात. गडद रंगाचं कापड असेल तर जादा रंगही याच धुण्यात निघून जातो.

आता इस्त्री मध्यम ठेवा, वाफ बंद. वेबची खरखरीत बाजू कॉटनच्या उलट्या बाजूवर ठेवून कागदावरून 5-6 सेकंद दाबा. पूर्ण गार झाल्यावरच कागद सोला. गरम असताना सोलला तर गोंद कागदाबरोबर निघून येतो. मग कॉटन फेल्टवर ठेवा, वर किंचित ओलसर सुती फडकं टाका आणि एकेका जागी 10-12 सेकंद दाबा. इस्त्री फिरवू नका, उचलून पुढे ठेवा. फिरवली की थर सरकतात. रुबियाही तसाच दुसऱ्या बाजूला चिकटवा. इस्त्री थेट फेल्टवर कधीच नको, ते बहुधा पॉलिएस्टरचं असतं आणि वितळतं. वेबच्या पाकिटावर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा.

कापायचं यानंतर, आधी नाही. चिकटलेले थर एकत्र कापले की कडा जुळतात आणि धागेही सुटत नाहीत. साच्यासाठी साधा कागद मधोमध दुमडून 10.5 सेंटिमीटर रुंद, 9 उंच असा अर्धा आकार काढा. घडीच्या बाजूला खालून नाकासाठी 2.5 रुंद, 3.5 उंच गोलाई द्या. हा साचा कापून, उलगडून थरांवर ठेवा आणि त्याप्रमाणे मास्क कापा. ही गोलाई आधी कमीच कापा, मास्क लावून बघा, मग वाढवा. प्रकाश शिरतो तो मुख्यतः इथूनच. तरीही उजेड आला तर 6 × 3 सेंटिमीटरची रुबियाची दुहेरी पट्टी आतून वरच्या काठाने चिकटवून नाकावर लोंबती ठेवा.

इलॅस्टिक चिकटवू नका. ते ताणलं जातं, गोंद ताणला जात नाही, त्यामुळे जोड सुटतो. दोन्ही टोकांपासून 1.5 सेंटिमीटर आत 1 सेंटिमीटरची उभी चीर द्या आणि इलॅस्टिक आतून बाहेर काढून बाहेर गाठ मारा. लांबीचा हिशोब असा: डोक्याचा घेर 56 असेल, तर दोन चिरांमधलं 18 वजा केल्यावर 38, ताणासाठी 3 वजा, गाठींसाठी 6 अधिक, म्हणजे 41 सेंटिमीटर. दुसरी गाठ मास्क लावून बघितल्यावरच पक्की करा. कपाळावर वळ उठला तर तो घट्ट आहे.

झटपट चिकटणारा 'फेव्हिक्विक'सारखा गोंद सुती कापडावर अजिबात नको: कापूस त्याच्याशी लागून तापतो, चटका बसतो, वाफही डोळ्यांना झोंबते. ग्लू गनच्या गाठी कडक होऊन टोचतात.

मास्क गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत सपाट वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा, ओलसर मास्क वापरला की पापण्या खाजतात. कड सुटली तर ती पुन्हा फडक्याखाली 10 सेकंद दाबली की बसते. त्याआधी इलॅस्टिक काढून ठेवा, उष्णतेने त्याचा ताण जातो. लहान मुलांना इलॅस्टिकचा मास्क झोपताना देऊ नका, पट्टा गळ्यात सरकू शकतो. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.