मे महिना बघून बेडूक निवडा

काचेच्या पेटीत नेचे, शेवाळ, मागच्या दगडावरून झिरपणारं पाणी आणि पानाला चिकटून बसलेला लाल डोळ्यांचा हिरवागार बेडूक. असल्या टेरेरियमचे व्हिडिओ पाहिले की कुणालाही मोह पडतो. पडू दे. फक्त सोलापुरात राहायचं असेल तर बेडूक रंग बघून निवडायचा नाही. आधी आपला मे महिना बघायचा.

मे म्हणजे पारा ४२ ते ४४, हवा ठणठणीत कोरडी आणि स्लॅब असा तापलेला की रात्री बारा वाजले तरी खोली निवत नाही. कोरडी हवा बेडकाला मारक, तेव्हा पेटी जितकी बंद आणि ओली तितकी बरी, असं पहिल्यांदा वाटतंच. घोटाळा इथंच आहे. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनामुळं ओल्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. माठातलं पाणी गार होतं ते यामुळंच. तोच माठ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाका, पाणी गार होणार नाही. चारी बाजूंनी बंद आणि आत धबधबा चालू असलेली पेटी म्हणजे तो पिशवीतला माठ. आर्द्रता नव्वदीच्या पुढं गेली की बाष्पीभवन जवळपास थांबतं. मग बेडकाचं अंग ओलं असूनही गार होत नाही. खोली ३६ अंशांवर, तर बेडूकही ३६ वर. दिवा आणि पंप आपली उष्णता वरून घालतात ती वेगळीच.

म्हणून आपल्याकडे पेटीला वरून जाळी हवी आणि हवा बाहेर ओढणारा कॉम्प्युटरचा छोटा पंखा हवा. सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा, मधल्या वेळात पानं कोरडी होऊ द्यायची. सतत चिंब राहणाऱ्या बेडकाच्या पोटाला जिवाणूंचा संसर्ग होतो, मांड्यांच्या आतली कातडी लालसर दिसू लागते. हे लक्षण दिसलं की घरगुती उपाय नकोत, प्राण्यांचा डॉक्टर गाठावा.

आता बेडूक. लाल डोळ्यांचा तो मध्य अमेरिकेच्या वर्षावनातला. त्याची मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला अंडी चिकटवते. साप अंडी खायला आला की त्या थरथरीनं आतली पिल्लं मुदतीआधीच अंडं फोडून टपाटप पाण्यात पडतात. कॅरेन वॉर्कंटिन या संशोधिकेनं १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. प्राणी विलक्षण आहे, पण त्याला तिशीच्या आतलं तापमान आणि भरपूर दमटपणा दोन्ही लागतं. दिवसरात्र एसी चालवायची तयारी नसेल तर त्याचा नाद सोडावा. उत्तर व्हिएतनामचा शेवाळी बेडूक पाण्याच्या पेटीत सगळ्यांत शोभतो, कारण तो निम्मा वेळ पाण्यातच बसतो. मात्र त्याला थंडावा लागतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तो खुशीत राहील, होळीनंतर त्याचे हाल सुरू होतील.

माझं मत विचाराल तर सोलापूरला त्यातल्या त्यात मानवेल असा एकच, ऑस्ट्रेलियाचा व्हाइट्स झाडबेडूक. गुबगुबीत, मुठीएवढा, झोपाळू चेहऱ्याचा. तिकडे तो घरांच्या टाक्यांत, पत्र्याच्या पन्हाळ्यांत, संडासांतसुद्धा मुक्काम ठोकतो. त्याची पाणी मिळवायची एक युक्ती ऐकण्यासारखी आहे. कोरड्या ऋतूतल्या थंड रात्री तो उघड्यावर जाऊन बसतो, अंग चांगलं गार होऊ देतो आणि मग झाडाच्या उबदार, दमट ढोलीत शिरतो. गार कातडीवर दव धरतं आणि ते पाणी कातडीच शोषून घेते. उत्तर ऑस्ट्रेलियातलं हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. असा बेडूक २६ ते ३० अंशांत मजेत राहतो, थोडा वेळ त्याच्या वर गेलं तरी निभावतो. चाळीस अंश मात्र त्यालाही नकोत, तेव्हा पेटी वरच्या मजल्यावर न ठेवता तळमजल्याच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवावी. आणि हा पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. घरातलं शेंडेफळ कॉलेजला जाईपर्यंत त्याला किडे खाऊ घालायची तयारी आहे का, ते आधी ठरवा.

वजनदार असल्यानं तो नाजूक नेचे आडवे करतो. मनीप्लांट, सिंगोनियम, जाड देठाचे फिलोडेंड्रॉन टिकतात. खाली निचऱ्याला भाजक्या मातीचे गोळे, त्यावर जाळी, मग कोकोपीट आणि सुका पालापाचोळा.

पाण्याबाबत एक गोष्ट समजली की बाकीचं आपोआप जमतं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. रात्री टॉर्च मारून पाहा. वाटीत मागचे पाय फाकवून, पोट तळाला घट्ट टेकवून तो बसलेला असतो. पोटाच्या आणि मांड्यांच्या तिथल्या पातळ कातडीतून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात जे काही असेल तेही सोबत जातं. त्यात स्वारी घाण करते तीही त्याच पाण्यात. धबधब्याचा पंप तेच अमोनियाचं पाणी गोल गोल फिरवत राहतो, आपल्याला मात्र ते स्वच्छ, खळाळतं दिसतं. धबधबा खरं तर आपल्या डोळ्यांसाठी असतो. तो हवाच असेल तर वेगळी उथळ वाटी ठेवा आणि तिच्यातलं पाणी रोज बदला. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं साठवलेलं असतंच. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की त्यातला साधा क्लोरीन उडून जातो. बोअरच्या पाण्यानं फवारणी केली तर काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात, त्याला आरओचं पाणी बरं. कुंड खोल नको, काठाला उतार हवा आणि पंपाच्या तोंडाला स्पंज हवा. झाडबेडूक चढण्यात पटाईत असतो, पोहण्यात बेताचाच.

कायद्याचंही बघा. लाल डोळ्यांचा बेडूक २०१० पासून साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. व्हाइट्स त्या यादीत नाही, तरी पेटीत जन्मलेलाच आहे याची पावती मागावी. आंबोलीचा उडता बेडूक किंवा आपल्याकडे न्हाणीघराच्या भिंतीवर दिसणारा चुनाम बेडूक उचलून पेटीत घालण्याचा तर विषयच नको.

आणि कंटाळा आला म्हणून परदेशी बेडूक संभाजी तलावात सोडून यायचं नाही. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या व्यापारातून जगभर पसरली. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार तिच्यामुळं उभयचरांच्या ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असं मानलं जातं. तिशीच्या वरची उष्णता या बुरशीला सोसत नाही, म्हणून आपला उन्हाळा तिला आवडायचा नाही. पण डिसेंबर-जानेवारीतलं तळ्याचं पाणी तिला अगदी मानवेल. पेटीतलं काढलेलं पाणीही ब्लीचिंग पावडर घालून, काही तास ठेवूनच मोरीत ओतावं आणि जुना पालापाचोळा, कोकोपीट गच्चीवरच्या उन्हात खडखडीत वाळवून मगच टाकावं. त्या कामाला मात्र सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही.