पडशी ते पाऊच: गोव्याच्या वाटेवरचे सामान

कपड्यांना जाळीच्या पिशव्या, चार्जर आणि वायरींना पाऊच, औषधांना वेगळी डबी. बॅग अशी कप्प्याकप्प्यांनी भरायची रीत विमानाबरोबर आली, असे पुष्कळांना वाटते. ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांची चंची पाहिली आहे त्यांना तसे वाटणार नाही. घडीत घडी घातलेली ती कापडी पिशवी. पानाला एक कप्पा, सुपारीला दुसरा, तंबाखूला तिसरा, आणि चुन्याची डबी अगदी आत, सांडली तरी बाकीचे खराब होऊ नये म्हणून. बैलगाडीत, काळोखात, बोलणे न थांबवता आजोबांचा हात बरोबर हव्या त्या कप्प्यात जायचा. पडशीचेही तेच. दोन टोकांना दोन पिशव्या, मधला भाग खांद्यावर. लागणारे पुढे, न लागणारे मागे, आणि वजन दोन्हीकडे सारखे.

सामान कसे लावायचे हे टापटिपीने फारसे ठरले नाही. ते उचलणार कोण आणि वाटेत उघडून बघणार कोण, यावर ते ठरले. गोव्याच्या वाट्याला हे दुसरे जरा जास्तच आले.

ट्रंकेचेच बघा. युरोपातल्या जुन्या पेट्यांची झाकणे घुमटासारखी असत, पावसाचे पाणी ओघळून जावे म्हणून. लुई व्हिताँने १८५८ साली सपाट झाकणाची पेटी काढली, ती आगबोटीत आणि आगगाडीत एकावर एक रचता यावी म्हणून. आपल्याकडची पत्र्याची ट्रंक त्याच सपाट कुळातली. चांगल्या ट्रंकेत वरच्या बाजूला एक उथळ तबक असायचे. त्यात फणी, आरसा, कागदपत्रे. खाली लुगडी आणि डांबराच्या गोळ्या. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. अंथरुणाची वळकटी निराळी, नंतर तिची जागा पट्ट्यांच्या होल्डॉलने घेतली.

गोव्याहून मुंबईला जायचे म्हणजे बोट. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागत नसे, दूर उभी राही आणि पडाव, म्हणजे लहान होड्या, माणसे व सामान घेऊन तिच्याकडे जात. लाटेवर हलणाऱ्या पडावातून वर चढवायची वस्तू एका माणसाला पेलेल एवढीच हवी आणि कडी मजबूत हवी. डेकवर पोचल्यावर पहिले काम वळकटी उलगडून जागा धरायचे. रात्रभर कुणाला ना कुणाला बोट लागणारच, म्हणून लिंबू आणि आवळासुपारी पिशवीच्या तळाशी ठेवणारा माणूस एकदाच चुके.

रेल्वे १८८० च्या दशकात आली. मुरगावहून निघालेली गाडी घाट चढून कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीत शिरे. पोर्तुगीज जकात कुळ्याला, ब्रिटिश जकात कॅसलरॉकला. एका प्रवासात दोनदा पेटी उघडायची. दाखवायच्या वस्तू वर ठेवायच्या हे शहाणपण तिथून आले. न दाखवायच्या वस्तू कुठे ठेवायच्या, हेही तिथूनच. नेसत्या वस्त्रात काय काय जायचे, याच्या गोष्टी आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात आहेत. त्यातल्या निम्म्या खऱ्या धरायला हरकत नाही. पुढे १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, हद्द बंद झाली आणि ही आगगाडीही थांबली. मुंबईत नोकरीला असलेल्यांच्या ट्रंका तिकडेच राहिल्या.

त्या ट्रंका राहायच्या कुठे? हिंदू गोवेकर गिरगावातल्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. ख्रिश्चनांच्या गावागावांच्या कुडी होत्या, धोबीतलाव आणि माझगाव भागात. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेले मुक्कामाचे ठिकाण. काही आजही आहेत. खोलीत पुढे देव्हारा, भिंतीला ओळीने पेट्या. बोटीवर काम करणारा तारवटी महिनोन्‌महिने समुद्रावर असे, पण त्याची पेटी त्या ओळीतून हलत नसे. खाट नाही, कपाट नाही, पेटी तेवढी आपली. माणूस पेटीत राहायचा म्हटले तरी चालेल.

१९६१ नंतर हद्द गेली, तपासणी मात्र गेली नाही. आता मालक बदलले आणि शोध दारूच्या बाटल्यांचा सुरू झाला. गोवा-महाराष्ट्र सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर बस थांबली की बाटली टॉवेलात गुंडाळणारे, उकड्या तांदळात पुरणारे, शेजारच्या म्हातारीच्या पिशवीत सरकवणारे सगळे एकदम गप्प होत. सामान तेव्हा बसच्या टपावर, ताडपत्रीखाली, दोरीने करकचून बांधलेले. त्यामुळे रात्री लागणारे हातपिशवीत वेगळे काढणे भागच होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि सामान टपावरून बर्थखाली आले. तिथे साखळी आणि कुलूप.

चाकांची गोष्ट जकातीशीच जोडलेली आहे, याची मला फार गंमत वाटते. अमेरिकेतले बर्नार्ड सॅडो १९७० साली सुट्टीहून परतताना दोन जड सुटकेसी घेऊन कस्टम्सच्या रांगेत उभे होते. समोरून एक कामगार जड यंत्र चाकांच्या फळीवरून ढकलत नेताना दिसला. १९७२ साली त्यांना पेटंट मिळाले. उभी धरून ओढायची, दांड्याची बॅग वैमानिक रॉबर्ट प्लॅथ यांनी १९८७ साली केली. हमालाची गरज संपली तशी पेटी माणसाच्या स्वतःच्या बळापुरती लहान झाली. पारदर्शक पिशवीतल्या १०० मिलिलिटरच्या बाटल्या २००६ नंतरच्या. लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघड झाला, त्याचा हा परिणाम.

म्हणजे बघणारा पुन्हा हजर. आमच्या बॅगांत तर त्याला पुष्कळ काम. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या भाचीसाठी दिलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली बॅगेत फुटली. प्लॅस्टिकची एकच पिशवी होती, तीही नीट न बांधलेली. तिचे दोन पांढरे कुडते कोकमाच्या रंगाचे झाले. तेव्हापासून आगळ दोन पिशव्यांत, वर वर्तमानपत्र, आणि कपड्यांपासून दूर सुक्या मासळीच्या डब्याशेजारी. मासळीला रंगाचे काय! आणि सुके खोबरे विमानात नेता येत नाही, ते तेलामुळे पेट घेऊ शकते. हे दाबोळी विमानतळाच्या काऊंटरवर पोचल्यावर आठवते. मग बॅग फरशीवर उघडायची, सगळ्या पिशव्या बाहेर, आणि सोडायला आलेला भाऊ खोबऱ्याच्या वाट्या घेऊन परत घरी.