संडे ब्लडी संडे: लेननचं वेगळं, यूटूचं वेगळं

यूट्यूबवर 'संडे ब्लडी संडे' टाकलं की दोन गाणी समोर येतात आणि बऱ्याच जणांना वाटतं आयरिश रॉक बँड यूटूने बीटल्सवाल्या जॉन लेननचं गाणं कव्हर केलंय. तसं काही नाहीये. नाव एकच, बाकी दोघांचं जमणं कठीण.

लेननचं गाणं ज्यावर आहे ती घटना ३० जानेवारी १९७२ची, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातली. खटला न चालवता लोकांना आत टाकत होते म्हणून मोर्चा निघाला, ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. लेनन आणि योको ओनोचं गाणं लगेच जूनमध्ये आलं, तापल्या तव्यावरचं, सरळ एक बाजू घेऊन: इंग्रजांनो, चालते व्हा. घोषणा म्हणून जोरदार आहे, गाणं म्हणून मला तरी पसरट वाटतं.

यूटूचं १९८३चं, 'वॉर' अल्बममधलं. ही पोरं डब्लिनची, म्हणजे घरातलंच भांडण. सुरुवातीचे ते मिलिटरी ड्रम्स ड्रमर लॅरी मलनने स्टुडिओच्या जिन्यात वाजवलेत, घुमावेत म्हणून. गिटारवाल्या एजच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये आयआरए (ब्रिटिशांना हाकलू पाहणारी) आणि यूडीए (ब्रिटनच्या बाजूची), म्हणजे दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांची नावं घेऊन सुनावलं होतं, ते नंतर काढलं. शिवाय यांच्या डोक्यात १९७२सोबत १९२०चा डब्लिनचा रक्तरंजित रविवारपण होता, सकाळी आयआरएने ब्रिटिश हेर मारले आणि दुपारी क्रोक पार्कच्या मॅचमध्ये पोलिसांनी प्रेक्षकांवर गोळीबार केला. म्हणजे दोन्हीकडून रक्त. म्हणून गायक बोनो स्टेजवर पांढरा झेंडा घेऊन सांगायचा की हे बंडाचं गाणं नाही. आयर्लंडमध्ये बंडाची गाणी पबमध्ये ग्लास आपटत म्हणतात, त्यात हे जाऊ नये म्हणून.

तरी लोक ते बंडाच्या गाण्यांतच घालत राहिले. ८ नोव्हेंबर १९८७ला एनिसकिलनमध्ये युद्धस्मारकापाशी जमलेल्या लोकांत आयआरएचा बॉम्ब फुटला, ११ जण गेले आणि त्याच रात्री अमेरिकेत डेन्व्हरला यूटूचा शो होता. बोनो गाण्याच्या मधेच भडकला, अमेरिकेत बसून 'तिकडच्या क्रांती'चे गोडवे गाणाऱ्या आयरिश-अमेरिकन लोकांना आणि त्या क्रांतीलाच त्याने शिवी हासडली, यूटूच्या 'रॅटल अँड हम' या फिल्ममध्ये आहे, बघाच. आणि लेननचं गाणंही असंच अमेरिकेत बसून, न्यूयॉर्कमध्ये राहूनच केलेलं होतं.