मानमोडीवर प्रतिजैविक चालत नाही

इंदूरजवळ राऊ-महूकडे कोंबड्या पाळणाऱ्या मराठी मंडळींत एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे की, मानमोडी आली की पिण्याच्या पाण्यात प्रतिजैविकाची पूड टाकावी, म्हणजे कळप सावरतो. हा समज चुकीचा आहे. मानमोडी, म्हणजेच रानीखेत, हा विषाणूजन्य रोग असून प्रतिजैविके जिवाणूंवरच चालतात. पूड दिल्यावर काही पक्षी तगतात, ते फार तर सोबतचा जिवाणूसंसर्ग आटोक्यात आल्यामुळे किंवा मुळातल्या प्रतिकारशक्तीमुळे. मान पिळवटलेला, हिरवट हगवण लागलेला पक्षी नजरेस पडेपर्यंत विषाणू बहुधा शेजारच्या खुराड्यात पोहोचलेला असतो.

खरा उपाय लस हाच आहे: पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ लशीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर. मोठ्या कळपाला ती पाण्यातून देताना मात्र एक गफलत हमखास होते. नळाला येणारे नर्मदेचे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते आणि क्लोरीनने जिवंत लस निकामी होते. म्हणून बिनक्लोरीनचे थंड पाणी घेऊन त्यात साय काढलेल्या दुधाची थोडी भुकटी आधी मिसळावी. मेलेले पक्षी चुना घालून खोल पुरावेत, उकिरड्यावर टाकू नयेत. तिथून कुत्री रोग गावभर नेतात.