घराला तडा काहून गेला?

मोठ्या भावानं गेल्या वर्षी घर बांधलं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, जागा म्हणजे गावाला लागून असलेला वावराचा तुकडा, घरकुलाचे १ लाख २० हजार आणि बाकी कापसाचे अन् उसनवारीचे. दोन खोल्या, सपरी, मागच्या कोपऱ्यात न्हाणी. मे महिन्यात न्हाणीच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपा तडा गेला, बोटाचं टोक जाईल एवढा. वहिनी म्हणते मिस्त्रीनं सिमेंट कमी घातलं. एक वास्तूवाले येऊन सांगून गेले की न्हाणी ईशान्येला आहे म्हणून असं झालं, शांती करा, आणि शांतीचा खर्च जवळपास एका खोलीच्या फरशीएवढा!

मिस्त्री बिचारा बरोबर होता, दोष घराखालच्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात वावरात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या आपण लहानपणापासून पाहतो, पण त्याच मातीवर घर बांधताना त्या आठवत नाहीत.

आपली काळी माती साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या दगडापासून, म्हणजे बेसॉल्टपासून झाली. तो झिजून जी चिकणमाती होते तिच्यात मुख्य खनिज असतं माँटमोरिलोनाइट (फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून नाव पडलं). मला हे खनिज फार आवडतं. पत्त्यांच्या कॅटसारखं असतं ते. एकेक पत्ता फक्त एक नॅनोमीटर जाड, त्यात मधे ॲल्युमिनियमचा थर आणि दोन्ही बाजूंनी सिलिकाचा. आता गंमत बघा, मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियम घेतं, ॲल्युमिनियमचा विद्युतभार अधिक तीन आणि मॅग्नेशियमचा अधिक दोन, म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत एक धन भार कमी, आणि सगळा पत्ता ऋण होतो. तो भार भरून काढायला दोन पत्त्यांच्या मधे सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन, म्हणजे धन भाराचे कण, येऊन बसतात, आणि या आयनांना पाण्याची भयंकर ओढ. पाणी आत शिरतं, पत्ते एकमेकांपासून दूर सरकतात, माती फुगते. पाणी गेलं की पत्ते परत जवळ, माती आकसते. कॅल्शियम असेल तर पत्ते थोडे सरकून थांबतात कारण तो दोन भारांनी दोन्हीकडून धरून ठेवतो, सोडियम असेल तर सुटतच जातात. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मातीत सोडियम जास्त, म्हणून तिथलं दुखणं आणखी वाईट. मातीत चुना मिसळतात त्यामागचं एक कारण हेच, सोडियमला हटवून कॅल्शियम बसतो. गोंदिया-गडचिरोलीकडे बराचसा दगड वेगळा, तिथं बऱ्याच ठिकाणी हा त्रास नाही.

फुगताना ही माती चौरस मीटरला दहा-वीस टनांचा जोर लावू शकते. खोलीतल्या काँक्रीटचं आणि फरशीचं वजन तेवढ्याच जागेत अर्धा टनही नसतं. म्हणजे गरिबाचं हलकं, एकमजली घरच जास्त उचललं जातं, दुमजली बंगला त्यामानानं दाबून बसतो. राजेहो, हा अन्याय निसर्गाचाच!

पण सगळं घर सारखंच वर-खाली झालं असतं तर तडा गेलाच नसता. भावाच्या न्हाणीचं पाणी पायाजवळच मुरतं, तो कोपरा बारा महिने फुगलेला, आणि बाकीचा पाया उन्हाळ्यात आकसून खाली बसला. न्हाणी कोणत्याही दिशेला असू दे, तिचं पाणी पायाजवळ नको. भिंतीला लागून कडुनिंब असेल तर उलटं होतं, तो त्याच्या बाजूचं पाणी ओढून घेतो.

पैसे कमी असतील तर ते कुठं घालावे? माझं मत, टाइल्स नंतर लावा, आधी पायाखालची काळी माती काढून मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून धुमसून. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या साधारण मीटरभर थराची पद्धत दिली, चांगला मुरूम त्यात बसतो. नुसती रेती भरू नका, रेतीत पाणी साठतं आणि खालच्या काळ्या मातीला पाजत राहतं. माती फारच खोल असेल तर खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात, साडेतीन मीटर खोल, पण ते इंजिनिअरला विचारून. घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा मात्र सगळ्यांनाच परवडतो.

बांधायच्या आधी जागेची माती तपासायची सोपी रीत आहे. वाळवून, चाळून १०-१० ग्रॅम माती दोन मापाच्या नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत घासलेट, आणि २४ तास ठेवायचं. घासलेट पत्त्यांत शिरत नाही, म्हणून ती माती तेवढीच राहते. पाण्यातली दीडपट किंवा जास्त झाली तर सावध. भावाची माती दुप्पट झाली. मिस्त्री शेजारी बसून पाहत होता, वहिनीकडे बघून काहीच बोलला नाही, फक्त हसला.

तडा सिमेंटनं बुजवायला मी नाही म्हटलं. दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण केली, मधलं अंतर लिहून ठेवलं. ऑगस्टमधे भावाचा फोन आला, तड्यात आता नखही जात नाही म्हणे.