टाच आधी रिकिबीत होती

सकाळी पावणेदहाला नागपूरच्या व्हरायटी चौकात लाल सिग्नल लागला की दुचाक्यांच्या रांगेतून एकदम बरेच पाय रस्त्यावर टेकतात. त्यात बायकांचे पाय भरपूर. कोणाच्या पायात रबरी चप्पल, कोणाच्या बेली, कोणाच्या कॅनव्हासचे बूट. ऑफिसात घालायची टाचांची जोडी डिक्कीत, कापडी पिशवीत. काही जणी मात्र हील घालूनच गाडी चालवतात. त्यातल्या एकीला मी कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "सीट उंच आहे गं, टाच असली की पाय नीट पोचतो."

मला हसू आलं, कारण टाच मुळात स्वारीसाठीच निघाली होती.

इराणचे घोडेस्वार धावत्या घोड्यावर रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कड्यात) उभं राहून बाण सोडत. तेव्हा पाय रिकिबीतून पुढे निसटू नये म्हणून बुटाला मागे टाच लावली जाई. टाच रिकिबीत अडकली की दोन्ही हात मोकळे. 'रिकीब' हा शब्द आपल्याकडे फारसीतूनच आला आणि घोड्याला 'टाच मारणे' आपण आजही बोलतो. या बुटांवरून कोणी मैलभर चालावं अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. खाली उतरल्यावर स्वाराला दोन पावलं टाकता आली तरी पुरे.

१५९९ मध्ये शाह अब्बासने युरोपातल्या दरबारांकडे वकिलात पाठवली. इराणी थाटाचं वेड तिकडे पसरलं त्या काळात टाचही तिकडच्या सरदारांच्या पायात गेली. म्हणजे युरोपात हील आधी पुरुषांनी घातली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई उंचीने बेताचा होता असं म्हणतात. त्याचं १७०१ मधलं प्रसिद्ध चित्र पाहिलं तर पायात लाल टाचांचे जोडे स्पष्ट दिसतात. लाल टाच हा दरबारात ऊठबस असलेल्यांचा मान होता. चिखलात काम करणारा माणूस टाच लाल ठेवू शकत नाही, हाच त्यातला संदेश. बायकांनी ती घेतली पुरुषांची नक्कल म्हणून. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरुषांनी टाच सोडून दिली, बायकांकडे ती राहिली आणि हळूहळू निमुळती होत गेली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर काही काळ सगळेच सपाट झाले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर टाच परत आली. कॅनडातल्या टोरांटोमध्ये बाटा शू म्युझियम आहे, तिथे हा सगळा प्रवास मांडून ठेवलेला आहे. (बाटा म्हणजे आपलीच कंपनी असं निम्म्या नागपूरला आजही वाटतं. कंपनी १८९४ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लीन गावी निघाली, कोलकात्याजवळचं बाटानगर फार नंतरचं.)

या सगळ्या काळात टाच लाकडाची, नाहीतर चामड्याचे थर चिकटवून केलेली असे. लाकूड फार बारीक केलं की मोडतं, म्हणून उंची आणि बारीकपणा यांना आपोआप मर्यादा होती. ती मर्यादा पोलादाने मोडली. उंच जोड्यात तळव्याच्या कमानीखाली पोलादाची एक पट्टी असते, तिला शँक म्हणतात. वरून दिसत नाही, पण अख्खा जोडा तिच्यावर तोललेला असतो. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर स्वारी केली, निर्बंध आले आणि चांगलं पोलाद मिळेनासं झालं. तेव्हा साल्वातोरे फेरागामो या कारागिराने सार्डिनिया बेटावरचं बूच घेतलं आणि टाच व तळवा यांच्यामधली पोकळीच भरून टाकली. आज आपण वेज म्हणतो ती चप्पल अशी टंचाईतून निघाली. माझ्या मते नोकरीवाल्या बाईला एवढी उपयोगी दुसरी कल्पना हीलच्या इतिहासात सापडत नाही, आणि ती सुचली ती काही आमच्या पायांची दया येऊन नव्हे.

उलट १९५० च्या दशकात पोलाद हाताशी होतं. टाचेच्या आत धातूची बारीक सळई घालता आली आणि पेन्सिल हील उभी राहिली. दिओर या फॅशन कंपनीसाठी जोडे करणाऱ्या रॉजे विव्हिए याचं नाव त्यासाठी घेतलं जातं, फेरागामो आणि पेरुजिया हेही त्याच काळात तेच करत होते. तिचं गणित सोपं आहे. साठ किलोच्या बाईचं निम्मं वजन एका टाचेवर आलं आणि टाचेचं टोक एक चौरस सेंटिमीटरचं असलं, तर तिथे तीस किलोचा दाब पडतो. कारच्या चाकातल्या हवेचा दाब तेवढ्याच जागेवर साधारण दोन किलो. पेन्सिल हीलने लाकडी जमिनी आणि विमानांच्या फरशा खराब केल्या म्हणून तिला अनेक जागी मनाई झाली होती. जमिनीची तक्रार आधी ऐकली गेली, गुडघ्याची त्यानंतर चार दशकांनी.

नागपुरात टाच ऑफिसात कधी आली याची नोंद कुठल्या दप्तरात मिळायची नाही. १९५६ पर्यंत हे शहर राजधानी होतं, सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले होते, त्यामुळे टाच दिसत असणारच. पण साडी नेसून कचेरीत जाणारी पहिली पिढी सपाट चप्पलवाली. माझी आई सरकारी कचेरीत होती. तिची वर्षाला एक तपकिरी चप्पल, मागे पट्टा असलेली, आणि टाच असलीच तर पाऊण इंच. तेवढीही फक्त साडीचा काठ झिजू नये म्हणून. साडीवाल्या बायकांना हे कळेल: हील घालायची तर आधी पायात हील चढवायची आणि मग निऱ्या घालायच्या, नाहीतर साडी घोट्यावर येते. एकदा उंची ठरली की दिवसभर बदलायची सोय नाही. टेबलाखाली चप्पल काढून बसलेली बाई साहेबांनी हाक मारली की पायाने चप्पल का शोधत असते, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

नव्वदच्या दशकानंतर दोन गोष्टी बदलल्या. खाजगी बँका, विमान कंपन्या, हॉटेलं आली आणि त्यांच्याबरोबर 'फॉर्मल' हा शब्द आला. ट्राउझर आली, तिच्या लांबीबरोबर टाच आली. दुसरी गोष्ट गियर नसलेल्या गाडीची. पायाने गियर बदलायचा नाही, पायाने ब्रेक दाबायचा नाही, पाय नुसते फळीवर ठेवायचे. साडीत काय, टाचेत काय, गाडी चालवता येऊ लागली. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये आयटी कंपन्या आल्यावर अंतरं वाढली, आणि वाटेतली जोडी वेगळी, ऑफिसची वेगळी अशी पद्धत पक्की झाली. न्यूयॉर्कमध्ये हेच १९८० च्या एप्रिलमध्ये घडलं होतं. बस आणि भुयारी रेल्वेचा अकरा दिवसांचा संप झाला, बायका स्नीकर घालून मैल मैल चालत ऑफिसात गेल्या, हील बॅगेत. संप मिटला, सवय राहिली.

सक्तीची गोष्ट मात्र वेगळी. लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाच्या तरुणीला एका बड्या कार्यालयात स्वागतकक्षाच्या कामावर सपाट बूट घालून आली म्हणून घरी पाठवलं. दोन ते चार इंच टाच हवी असा नियम होता. २०१६ मध्ये तिच्या अर्जावर दीड लाखाच्या वर सह्या झाल्या आणि विषय ब्रिटिश संसदेत पोचला. २०१७ मध्ये फिलिपिन्सच्या कामगार खात्याने आदेशच काढला, कामावर एक इंचाहून उंच टाचेची सक्ती करायची नाही. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा हिने 'कुटू' मोहीम सुरू केली. कुत्सू म्हणजे बूट, कुत्सू म्हणजेच वेदनाही, उच्चारात जरासा फरक. दोन्ही मिळून 'मी टू'ची आठवण येईल असा शब्द. आपल्याकडे अकासा एअरने २०२२ मध्ये उड्डाण सुरू करताना विमानातल्या मुलींना स्नीकरच दिले. कोर्टात बँड, गाऊन, काळा-पांढरा रंग यांचे नियम आहेत, टाचेवर कोणी काही म्हणत नाही. तरी हायकोर्टाच्या गुळगुळीत फरशीवरून टक टक आवाज आला की मान वर होतेच. तो आवाज अंगावर असलेल्या अधिकाराचा वाटतो. लुईच्या लाल टाचेचंच हे उरलेलं रूप असावं.

गुडघ्याकडे येते. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केसी केरिगन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. उंच टाचेत चालताना गुडघ्याच्या सांध्यावर पिळाचा ताण वाढतो, जवळपास २३ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. मग सगळ्यांनी म्हटलं, पेन्सिल नको, रुंद टाच घ्या. २००१ मध्ये त्याच मंडळींनी रुंद टाचही तपासली, तर गुडघ्यावरचा ताण तिच्यातही जवळपास तेवढाच वाढलेला निघाला. हे दुकानात कोणी सांगत नाही. ब्लॉक हीलने, म्हणजे रुंद टाचेने, घोटा कमी मुरगळतो, तोल राहतो, हे खरंच; पण गुडघा विचारतो फक्त उंची किती. २०१० च्या आणखी एका अभ्यासात रोज हील वापरणाऱ्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू १३ टक्क्यांनी आखूड झालेले आढळले. वर्षानुवर्षं टाचेत वावरलेली बाई रविवारी सपाट चप्पल घालते आणि पोटऱ्या दुखतात म्हणते, तेव्हा ती नखरे करत नसते.

उंचीतही एक मेख आहे. मागची टाच अडीच इंच आणि पुढे चवड्याखाली एक इंचाचा तळ असला तर पायाला जाणवतो तो दीड इंचाचाच उतार. सपाट पुढच्या सोलची दोन इंची टाच त्याहून जास्त टोचते. म्हणून दुकानात नुसती टाच मोजू नये, टाच वजा पुढचा तळ, असं मोजावं. माझी स्वतःची हद्द रोजच्यासाठी दीड इंच उतार. अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवन परिसरात दिवसभर उभं राहायचं असेल तर तेवढाही नको.

रुंदीचं दुखणं याहून जुनं. आपण आजही जे नंबर मागतो ते इंग्रजी, एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. तो फक्त लांबीचा हिशेब. चवड्याची रुंदी त्यात येतच नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, त्रिमितीय स्कॅनरने. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद निघाला. म्हणून आपण लांब नंबर घेतो, मग टाच मागून सुटते, मग पट्टा करकचून आवळतो आणि तिथे फोड येतो. या मोजणीवरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आहे. स्वारासाठी, राजासाठी, साहेबासाठी टाच बनली. आमच्या चवड्यासाठी माप घ्यायला २०२१ साल उजाडावं लागलं.

नागपूरची हवा याच्यावर आणखी भर घालते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पाय संध्याकाळपर्यंत अर्ध्या नंबराने फुगतात. सकाळी बर्डीच्या बाजारात घेतलेली बंद हील संध्याकाळी चावते. ओळखीचे एक जुने दुकानदार सकाळी गेलं की सरळ सांगतात, "मॅडम, शाम को आओ ना." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार दुर्मीळ, पण तो बरोबर असतो. बंद पार्किंगमधल्या डिक्कीत उन्हाळाभर ठेवलेल्या जोडीचा डिंक सुटतो, सोल तोंड वासतो. वर्षभर कपाटात ठेवलेला पीयू (पॉलियुरेथेन) सोल पावसाळ्यात अचानक भुगा होतो. ओलावा त्याला आतून खातो, त्यात बनवणाऱ्याचा दोष दर वेळी नसतो. आणि पावसात मेट्रोच्या जिन्यावर चकचकीत प्लास्टिकचं टोक म्हणजे संकटच. खाली रबर लावून घ्यावं, पाच मिनिटांचं काम.

गेल्या दिवाळीला मी हौसेने साडेतीन इंची घेतली होती. दोनदा घातली आणि धरमपेठेत पेटी मांडून बसणाऱ्या काकांकडे नेली, म्हटलं इंचभर कापून द्या. त्यांनी जोडी फळीवर ठेवली, मागून बोटाने दाबली, पुढचं टोक कसं उचलतं ते दाखवलं.

"अर्धा इंच कापून देतो ताई. त्याच्यावर कापली तं समोरचा पंजा वर उठते, मंग चालता नाही येत. आतली पट्टी याच उंचीसाठी वाकवली असते."

अर्धा इंच कापून घेतला. आता ती जोडी ऑफिसात टेबलाखाली असते. मीटिंगची वेळ झाली की पाय आत सरकवते, संपली की काढते. त्यातून मी कँटीनपर्यंतही चालत जात नाही.