प्रश्नानंतरचे तीन सेकंद

प्रश्न विचारून झाला की शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात? अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं आणि १९७०च्या दशकात आकडा मांडला: सरासरी जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात, नाहीतर उत्तर स्वतःच सांगून टाकतात.

एका सेकंदात पाठ केलेलं ओठांवर येतं. ताडून पाहायला, शंका घ्यायला, ‘असं असेल तर तसं का होत नाही?’ असं मनात घोळवायला तेवढा वेळ पुरत नाही. शिक्षकांनी सराव करून हा अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

पण असा विचार करायला शिकवायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं, म्हणजे रोजच्या जगण्यात लागणारी कौशल्यं, सांगितली. निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक विचार, समानुभूती, ताण हाताळणं ही त्यांतली काही. यादी चांगलीच आहे. पण तिच्यासाठी वेगळा तास ठेवला की मुलं व्याख्या पाठ करतात, हे मला फार खटकतं. विचार कशाचा तरी करायचा असतो. त्यासाठी हातात काहीतरी खरं हवं.

चेंडू आणि उताराचं उदाहरण घ्या. एका बाजूला तीव्र, गुळगुळीत उतार. दुसऱ्या बाजूला कमी तीव्र, खडबडीत. पहिल्यावरचा चेंडू लांब गेला. कशामुळे? तीव्र उतारामुळे की गुळगुळीतपणामुळे? सांगताच येणार नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. चेन आणि क्लार या मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये ७ ते १० वर्षांच्या मुलांना अशाच साहित्यावर प्रयोग आखायला दिले. नुसतं साहित्य हाताळून मुलांना फारसं उमगलं नाही. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हे तत्त्व उदाहरणांसह समजावलं आणि ‘तू असं का मांडलंस?’ असंही विचारलं, तेव्हा मुलं बरीच पुढे गेली. चौथीतल्या मुलांना तर सात महिन्यांनंतरही ते तत्त्व अगदी वेगळ्या प्रश्नांना लावता आलं.

हे तत्त्व प्रयोगाच्या टेबलापुरतं राहायला नको. ‘हे पेय प्यायलेल्या मुलांची उंची वाढली’ अशी जाहिरात मुलांसमोर ठेवा आणि थांबा. कुणीतरी म्हणेल, मुलांची उंची तशीही वाढतेच की. मग पुढचं आपोआप येतं: न पिणाऱ्या, त्याच वयाच्या मुलांची किती वाढली? त्यांचं बाकी खाणंपिणं सारखं होतं का? चेंडू आणि उताराचाच हा हिशोब आहे, फक्त पडद्यावरचा.

घाई मात्र आवरायला हवी, आणि सर्वांत अवघड तेच आहे. समोरची शांतता शिक्षकाला टोचते. प्रश्न चुकला की काय, असं वाटतं. उत्तर आल्यावर लगेच ‘शाब्बास’ म्हटलं तरी विचार तिथेच थांबतो. म्हणून रो यांनी दुसरा थांबाही मोजला होता, मुलाच्या उत्तरानंतरचा. तोही साधारण सेकंदभराचाच निघाला. तो वाढवल्यावर मुलं स्वतःच्या बोलण्यात भर घालू लागली, एकमेकांची उत्तरं तपासू लागली. आणि काही मुलांबद्दलच्या शिक्षकांच्या अपेक्षाही बदलल्या.